बिननावाची ललकारी

मित्रांनो, अंबुजाअक्कांच्या परसातल्या चिंचा पाडायला तुम्ही जी काठी पळवता ना, ती मी. मी एक जुनी काठी आहे, पण चारचौघींसारखी नाही, चोपदाराची आहे. हसू नका. माझ्या माथ्यावरचा सिंह नीट पाहा. त्याचा एक डोळा अजून लाल आहे. दुसरा कुठे गेला ते विचारू नका, या कुंभकोणम् गावात कावळे फार आहेत. पोटात सागाचा गाभा, अंगावर चांदीचा पत्रा आणि पायात लोखंडाचा बूट. सिंहाच्या आयाळीखाली एक खळगी आहे, तिथे मात्र बोट लावू नका. तिची गोष्ट मी शेवटी सांगणार आहे.

माझा जन्म तंजावरचा. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एका सोनाराने मला ठोकून ठोकून घडवलं आणि एकोजीच्या, म्हणजे अंबुजाअक्कांच्या नवऱ्याच्या, पणजोबांच्या पणजोबांच्या हाती दिलं. हे घराणं चोपदारांचं. काम एकच. दरबार भरला की मला दगडावर तीनदा आपटायचं आणि कोण आलं ते खणखणीत आवाजात सांगायचं. राजाने राज्य करावं, प्रधानाने हिशेब करावा, पण राजा आला हे लोकांना कळायचं ते आमच्यामुळे. त्याचा मला तोरा होता आणि अजून थोडा आहे.

त्या घराण्याचे दोन नियम होते आणि ते बोबड्या वयातच पाठ करून घेत. पहिला नियम, नाव नाही तर काठी नाही. किताब कितीही लावा, पण मधे माणसाचं नाव आलंच पाहिजे. नाव न घेता ललकारी दिली तर दाराशी जो असेल तो आत येतो, असं म्हातारे सांगत. दुसरा नियम, ज्या भाषेत बोलावलं त्याच भाषेत निरोप द्यायचा. निरोप मिळेपर्यंत गादीवरचा उठू शकत नाही, चोपदार काठी ठेवू शकत नाही आणि गादीला कोणी पाठ दाखवू शकत नाही.

आणि एक मान होता, पहिल्या ललकारीचा. नव्या राजाची पहिली ललकारी जो देईल त्याने राजाजवळ एक गोष्ट मागावी आणि राजाने ती द्यावी. तिरुवलंचुळीकडचा पानमळा या घराला असाच मिळाला होता. पुढे तो गेला. इंग्रजांनी राज्य खालसा केलं तेव्हा सगळंच गेलं. शेवटचे महाराज वारले, त्यांच्यामागे कोणाचं नाव घ्यायचं ते कोणी सांगेना, आणि माझ्या धन्याने मला फडक्यात गुंडाळून कुंभकोणम् गाठलं. बरोबर देवडीवरची एक लाल गादी आणली. दर खंडेनवमीला ती गादी पाटावर मांडायची, मला हळदकुंकू लावायचं, गादीला मुका मुजरा करायचा आणि दोघींना परत कोपऱ्यात ठेवायचं. गादीवर कोणी बसत नसे. ललकारी तर कोणी देतच नसे.

पण आवाज काही खालसा होत नाही, मित्रांनो. तो त्या घराच्या गळ्यात राहिला. अप्पाजी, म्हणजे अंबुजाअक्कांचे सासरे, मुन्सफाच्या कोर्टात पुकाऱ्याच्या नोकरीला लागले. दारात उभं राहायचं आणि पक्षकाराला नावाने तीन हाका मारायच्या. ओ आली तर माणूस आत. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही तर गैरहजर, आणि त्याचा दावा निकाली. अप्पाजींची हाक बाजार ओलांडून पलीकडच्या तळ्यापर्यंत जाई. मी कोपऱ्यात उभी राहून ती ऐके आणि मनात म्हणे, आवाज आपला आहे, पण चाकरी कोणाची!

त्यांना एकच लेक, एकोजी. आई लवकर गेली, म्हणून बापाने तळहातावर वाढवला. हा एकोजी मला घोडा करून ओट्यावरून दौडत असे. एकदा दोघंही पायऱ्यांवरून गडगडलो. त्याचा गुडघा फुटला आणि माझ्या आयाळीखाली खळगी पडली. मी चिडले होते, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवसापासून जाता-येता तो त्या खळगीत अंगठा दाबायचा. शाळेला निघताना दाबला, लग्नाला निघताना दाबला. मोठेपणी त्याचा अंगठा तिथे बरोबर बसू लागला. मग मला ती खळगी आवडू लागली.

लग्न होऊन अंबुजा या घरात आली आणि दोनच वर्षांत एकोजी सिंगापूरला गेला. तिथे पलटणीच्या कोठारात कारकुनाची जागा होती. निघताना अंबुजा माजघराच्या दारात उभी होती. तिने नाव घेऊन हाक मारली नाही. नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नाही, ही या घरातली रीत. ती नुसती म्हणाली, “ऐकलें कां? जपून जावें.” एकोजी हसला, अंगठा खळगीत दाबला आणि गेला.

मग लढाई पेटली. माघ महिन्यात बातमी आली की सिंगापूर जपान्यांनी घेतलं. त्यानंतर एकोजीचा काही ठावठिकाणा लागेना. अंबुजा तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला नवस बोलून आली. एक दिवस ती सासऱ्यांना म्हणाली, “मामंजी, तुमची हाक तळ्यापलीकडे जाते म्हणतात. एकदां त्यांस नांवानें हाक मारा कीं. मी तर घेऊं शकत नाहीं. तुम्ही घ्या.”

अप्पाजींनी हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला. “तें मात्र सांगूं नको, बाई. तीन हाका मारून ओ आली नाहीं तर काय होतें तें मज ठाऊक आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांस गैरहजर केलें. माझ्या लेकरास मी करणार नाहीं.”

त्यांनी खरोखर त्या दिवसापासून घरात एकोजीचं नावही घेतलं नाही. भीती अशी असते बघा, मित्रांनो. आपल्या माणसाचं नाव घ्यायलाही माणूस कचरतो.

चैत्रात किनाऱ्यावर बॉम्ब पडले. मद्रासहून लोक बोचकी घेऊन गावात येऊ लागले. जपानी आज उतरतील, उद्या उतरतील, अशी कुजबुज बाजारात सुरू झाली. सगळे घाबरले होते आणि आमचे अप्पाजी मात्र ताठ झाले. त्यांनी मला कोपऱ्यातून काढलं, चिंच लावून घासलं. “अंबुजा,” ते म्हणाले, “नवें राज्य येतें आहे. पहिली ललकारी मी देईन आणि एकच गोष्ट मागेन.” काय मागणार ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

पण ललकारी द्यायची तर त्यांच्या भाषेत हवी. इंग्रज आला तेव्हा आजोबांनी मराठीत ललकारी दिली असती तर त्याला काय कळलं असतं, असा अप्पाजींचा मुद्दा. दारासुरम्‌चा रेशीमवाला व्यंकटरमण लढाईच्या आदल्या वर्षीच शेवटच्या बोटीने परतला होता. त्याने जपानातल्या कोबे बंदरात रेशमाच्या सुताची खरेदी करण्यात उमर घालवली होती आणि तिथली वर्तमानपत्रं वाचण्याइतकी भाषा कमावली होती. अप्पाजी त्याला ओट्यावर बसवून घेत, पानाचं तबक पुढे करत आणि राजसत्तेचे शब्द मागत.

मी भिंतीला टेकून सगळे ऐकले. सेइफु म्हणजे सरकार. केन्र्योकु म्हणजे सत्तेचा जोर. तेन्का म्हणजे आभाळाखालचं सगळं. बाकुफु या शब्दावर अप्पाजी फार खूश झाले, कारण त्याचा अर्थ कनातीआडचं सरकार. “कनात आपल्याकडेही होती हो!” असं म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. मग व्यंकटरमणाने चूओ शूकेन हा शब्द सांगितला. मुलुखभरची सत्ता गोळा करून एका मध्यावर आणून ठेवायची, तिला ते असं म्हणतात. तिथेही पूर्वी गावोगाव सरदारांच्या गाद्या होत्या, पुढे सगळ्या मोडून एकाच जागेहून राज्य चालू झालं.

अप्पाजींनी पानाचं तबक बाजूला सारलं. “म्हणजे आपल्या तंजावरासारखें,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “सगळें झालें. आतां नांव सांगा. त्या मधोमध बसतो त्याचें नांव काय?”

व्यंकटरमणाने मान हलवली. “तेंच अवघड आहे, अप्पाजी. त्यांच्या पातशहाचें नांव तिकडे कोणीं तोंडानें घेत नाहीं. पद सांगतात, आणि मान खालीं घालतात. आपण नांव घेतलें तर अपमान होईल.”

“नांव नाहीं?”

“नाहीं. नुसती सत्ता. मध्यांत.”

माझ्या अंगातून कळ गेली. मला वाटलं, अप्पाजी आता नियम आठवतील आणि हा नाद सोडतील. त्यांना नियम आठवलाही. ते बराच वेळ माझ्या सिंहाकडे बघत बसले. पण पोराची ओढ नियमाहून जबर असते. त्यातून त्यांना वाटलं, आपण काही खरी ललकारी देत नाही, नुसता सराव करतो आहोत.

तो सराव त्यांनी भर दुपारी केला. ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी पाट मांडला, पाटावर लाल गादी ठेवली, डोक्याला जुना मंदिल बांधला आणि मला उंबऱ्याच्या दगडावर तीनदा आपटलं. “तेन्का! सेइफु! केन्र्योकु! चूओ शूकेन!” त्यांचा आवाज म्हातारा वाटला नाही. तो दारातून बाहेर गेला, गल्लीत गेला, आणि मला कळलं की तो थांबत नाही. तळ्याच्याही पलीकडे तो जातच राहिला. माजघरात अंबुजा तांदूळ निवडत होती, तिचे हात तसेच राहिले.

मग गादी दबली.

कोणी आलेलं दिसलं नाही. दाराचा पडदा हलला नाही. पण रिकामी गादी मधोमध हळूहळू खाली गेली, माणूस बसल्यावर जाते तशी, आणि खालीच राहिली. छताला टांगलेला झोपाळा आपोआप मंद हलत असे, तो थांबला. परसातला कावळा ओरडता ओरडता गप्प झाला. घरात खाऱ्या पाण्याचा वास आला. आमच्या गावापासून समुद्र किती लांब आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे.

अप्पाजी कमरेत वाकले. भीतीपेक्षा त्यांच्या चेहऱ्यावर आशाच जास्त होती. “सरकार,” ते म्हणाले, “पहिली ललकारी माझी. माझा एक लेक तुमच्या मुलुखांत अडकून आहे. तितका मज द्या. आणखी कांहीं नको.”

उत्तर आलं नाही. गादी तशीच दबलेली राहिली आणि अप्पाजी तसेच उभे राहिले. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, ते हलले नाहीत. निरोप झाल्याशिवाय चोपदार काठी ठेवत नाही. त्यांची बोटं माझ्याभोवती आवळली होती आणि मलाही ती सोडवत नव्हती.

दूधवाली शिवकामी दारात आली, तिने एरवीसारखी आरोळी दिली नाही. डोक्यावरून पदर घेतला आणि हळू आवाजात तमिळमध्ये विचारलं, “घरात कोणी मोठे पाहुणे आलेत का?” अंबुजा नाही म्हणाली. शिवकामीने मान डोलावली, पण जाताना ती पाठ न वळवता मागे मागे पायऱ्या उतरली. तेव्हा अंबुजाच्या ध्यानात आलं की कालपासून तीही त्या खोलीतून उलट्या पावलांनीच बाहेर पडत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने मुद्दाम वळायचं ठरवलं, तर मान वळेना. तिला रडू फुटलं, पण रडण्याचा आवाजही मोठा निघेना.

गादी आता ओली दिसू लागली होती. अप्पाजींचे पाय सुजून खांबाएवढे झाले. तोंडाशी धरलेलं ताक ते घेत नव्हते. ओठ मात्र हलत होते आणि त्यातून तेच एक मागणं निघत होतं, लेक द्या, लेक द्या. अंबुजाला कळून चुकलं की नवरा मिळेल न मिळेल, पण हा म्हातारा असाच उभ्या उभ्या जाईल.

ती घोड्याचा जटका करून दारासुरम्‌ला गेली आणि व्यंकटरमणाला माजघरातच गाठून म्हणाली, “काका, तुम्ही मामंजींस बोलावण्याचे शब्द शिकवलेत. निरोपाचा शब्द द्या.”

व्यंकटरमणाला आधी काही उमजेना. तिने सगळं सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. बराच विचार करून तो म्हणाला, “एक शब्द आहे. ताइसेइ होकान. तिकडे कनातीआडच्या सरकारनें आपली सत्ता एके दिवशीं होती तशी पातशहास परत देऊन टाकली. त्यास असें म्हणतात. पण बाई, सत्ता परत गेली कीं तिजकडे मागितलेलें मागणेंही गेलें. समजतें ना?”

“समजतें,” अंबुजा म्हणाली. जटक्यात बसल्यावर मात्र तिने पदर तोंडात धरला.

मित्रांनो, या घराण्यात बाईने मला कधी हात लावला नव्हता. अंबुजाने सासऱ्यांच्या मुठीखाली आपली मूठ धरली. अप्पाजी कळवळून म्हणाले, “नको अंबुजा! उत्तर यायचें आहे. आतां येईल.”

“मामंजी, तुम्हीही गेलां तर मी कोणासंगें वाट पाहूं?” असं म्हणून तिने मला त्यांच्या हातासकट उचललं आणि दगडावर तीनदा आपटलं. तिचा आवाज कोवळा होता, फाटलाही. पण तिने शब्द पुरा उच्चारला. “ताइसेइ होकान!”

गादी हळूहळू वर आली. माझ्या आजवरच्या दरबारांत मी कित्येक राजे उठताना पाहिले, ते खोकत, पाय झटकत, कुणावर तरी करवादत उठायचे. हा उठला तो थकलेला माणूस सुटका झाल्यावर उठतो तसा. खाऱ्या वासाची एक झुळूक दाराकडे आली. अंबुजा आणि अप्पाजी मला धरून उंबऱ्यातच उभे होते. झुळूक आमच्याजवळ थांबली.

आणि माझ्या आयाळीखालच्या खळगीत एक अंगठा दाबला गेला.

बरोबर बसला तो. गार होता, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखा सुरकुतलेला होता, पण बरोबर बसला. नाव न घेता ललकारी दिली की दाराशी जो असेल तो आत येतो. आमच्या दाराशी दुसरं कोण असणार होतं? बाप ज्याच्यापुढे वाकून लेक मागत होता, तो लेकच होता. गादीने त्याला बांधून ठेवलं होतं आणि नावाने हाक मारल्याशिवाय त्याला ओ देता येत नव्हती. मी ओरडले असते हो. पण काठीला जो हाती धरतो त्याचाच आवाज असतो.

झुळूक गेली. झोपाळा हलू लागला. अप्पाजी मटकन खाली बसले आणि घोट घोट ताक प्याले. मग लहान मुलासारखं त्यांनी विचारलं, “अंबुजा, कोण होतें गे?”

अंबुजा माझ्याकडे बघत होती. खळगीतल्या चांदीवर ओलसर अंगठ्याचा ठसा उमटला होता आणि हळूहळू वाळत होता. तो पुरता वाळेपर्यंत ती हलली नाही.

“कोणीं नव्हतें, मामंजी,” ती म्हणाली.

जपानी काही आमच्या गावात उतरले नाहीत. लढाई संपली, सिंगापूरहून पुष्कळ जण परतले, एकोजी परतला नाही. अप्पाजी गेल्या वर्षी शांतपणे गेले. गादी अंबुजाने कावेरीत सोडली. मला तिने ठेवलं. आता उंच वळणीवर लुगडी टाकायला तिला माझा उपयोग होतो आणि तुम्हाला चिंचा पाडायला. चांदी जागोजागी उचकटली आहे. पूर्वी मला याचं वाईट वाटे, आता वाटत नाही.

खंडेनवमीला मात्र ती मला अजून घासते. सिंह घासते, बूट घासते, सगळं अंग लख्ख करते. खळगी तेवढी सोडते. तिथली चांदी काळी पडली आहे, तिला तिथे चिंचेचा हात लावायचा नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं, बोट लावू नका.

आणि रोज दिवेलागणीला ती मला हातात धरून उंबऱ्यात उभी राहते. मला आपटत नाही. कुठला किताब नाही, कुठली सत्ता नाही, सेइफु नाही की सरकार नाही. जे नाव तिने नवरा समोर होता तेव्हा कधी घेतलं नाही, ते नाव ती घेते. एकदाच घेते, तीनदा नाही.

“एकोजी,” ती म्हणते.

मित्रांनो, आपल्या माणसाला हाक मारायची असेल तर नावाने मारा, आणि तो दाराशी आहे तेव्हाच मारा.